बेताच्या मिळकतीतला नाताळ

सण म्हटला की खर्च आलाच, अशी आपली समजूत झालेली असते. नवे कपडे, गोडधोड आणि दिव्यांची आरास यांवाचून सण तो कसला, असे पुष्कळांना वाटते. परंतु जेथे मिळकत बेताची असते, त्या घरीही सण येतोच. तो तेथे कसा साजरा होतो, हे पाहण्यासारखे असते. २५ डिसेंबरला येणाऱ्या नाताळाचेच उदाहरण घेऊ.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘जन्म’ हा अर्थ आहे. येशू ख्रिस्ताचा जन्म एका सुताराच्या कुटुंबात झाला. उतारशाळेत जागा न मिळाल्यामुळे मरीयेने बाळाला गव्हाणीत निजविले, असे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. पुढे बाळाला मंदिरात नेले, त्या वेळी अर्पणासाठी दोन पक्ष्यांचा उल्लेख येतो. ज्यांना कोकरू परवडत नसे, त्यांनी पक्षी अर्पण करावेत, असा तेव्हाचा नियम होता. म्हणजे या सणाचा उगमच मुळी एका गरीब कुटुंबात आहे. इटलीतील ग्रेच्चो या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव एवढ्यावरच या जन्माचा देखावा उभा केला. त्यात ना सोने होते, ना रेशीम.

आता समजा, गोव्याच्या किनाऱ्यावर एक कुटुंब आहे. वडील दुसऱ्याच्या होडीवर कामाला जातात. होडी दुरुस्तीसाठी किनाऱ्याला लागली आणि महिनाभर मजुरी बुडाली. सणासाठी हाती अवघे २,००० रुपये उरले. थोरला मुलगा बारा वर्षांचा. शेजारच्या अंगणात विजेचा मोठा तारा झळकताना पाहून तो म्हणाला, “आई, आपणही तसाच तारा आणू या. दुकानदार उधारीवर देतो.”

आई रागावली नाही. तिने वही त्याच्यापुढे ठेवली व म्हणाली, “तूच हिशेब मांड. उधारी घेतली, तर ती जानेवारीत फेडावी लागेल. तुझ्या वह्यांचे पैसेही जानेवारीतच लागतात.” मुलाने हिशेब मांडला : फराळाच्या जिनसांना ७०० रुपये, धाकटीचा झगा तोकडा झाला होता म्हणून नव्या झग्याला ६००, चर्चला जाण्यायेण्याच्या भाड्याला १५०, कंदिलाच्या कागदाला १०० आणि वाटण्याच्या फराळासाठी आणखी २००. एकूण खर्च १,७५० रुपये झाला. उरलेले २५० रुपये अडीअडचणीसाठी राहिले. विजेच्या ताऱ्याला त्यात जागा नव्हती.

मग घर कामाला लागले. वडिलांनी बांबूच्या काड्या तासल्या आणि मुलांनी त्यांवर पतंगाचा कागद चिकटवून तारा केला. करवंट्यांत माती घालून नाचणी पेरली. काही दिवसांनी तिचे कोवळे अंकुर वर आले, तेव्हा भाताच्या पेंढ्याच्या गोठ्याभोवती त्यांचे हिरवे शेत झाले. संध्याकाळी सर्वजण पिठाच्या गोळ्या घेऊन बसले. काट्याच्या पाठीवर गोळी दाबून वळवली की शंखासारखे कुलकुल तयार होई. धाकटीचे कुलकुल वेडेवाकडे होत, तरी तेही तळणीत गेले आणि खुसखुशीत झाले.

एक प्रश्न मात्र मुलाच्या मनातून जाईना. “आई, आपल्यालाच जेमतेम पुरते, मग दोनशे रुपयांचे वाटायचे कशाला?”

आई म्हणाली, “पुरून उरल्यावर द्यायचे म्हटले, तर देण्याचा दिवस कधी उजाडतच नाही. पलीकडच्या आजींच्या घरी यंदा सुतक आहे. त्या घरी तळण होणार नाही. आपण नेले नाही, तर त्यांच्या घरी नाताळ येणार कसा?”

नाताळात शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट पाठविण्याची चाल गोव्यात आहे. हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही ते जाते, आणि गणेशचतुर्थीला वा दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो. मुलाने ताट रुमालाने झाकले व तो आजींकडे निघाला. ताटात नेवऱ्या होत्या, दोदोल होते आणि धाकटीचे वेडेवाकडे कुलकुलही होते. आजींनी नेमके तेच आधी उचलले.

त्या रात्री अंगणातील कागदी तारा पणतीएवढ्याच उजेडाने तेवत होता. पण मध्यरात्रीच्या प्रार्थनेला निघताना मुलाने शेजारच्या ताऱ्याकडे पाहिले नाही. आपल्या घरावर कोणाचे देणे नाही, हे त्याला ठाऊक होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. त्या अंथरुणावर दुसऱ्यालाही थोडी जागा द्यावी, हे या घराने दाखविले.

अभ्यास

१. विजेचा तारा आणण्यास आईने नकार कोणत्या शब्दांत दिला? ती रागावली असती तर काय झाले असते?
२. ‘देण्याचा दिवस कधी उजाडतच नाही’ या वाक्याचा भावार्थ लिहा.
३. तुमच्या घरच्या एखाद्या सणाचा जमाखर्च वडीलधाऱ्यांच्या मदतीने मांडा व कोणता खर्च टाळता येईल ते सांगा.