आधी हौदा, मग हौस

धाकटे, पिकअप घेतलीस ते उत्तम केलंस. नवी घेऊन हप्त्याच्या तारखेकडे डोळे लावून बसण्यापेक्षा एका हातची जुनी बोलेरो रोपवाटिकेला कितीतरी बरी. तिला आता घरच्या घरी, आपल्या हातानं घडवायची म्हणतेस, तेही पटलं. पण तू पाठवलेली यादी वाचली आणि म्हटलं, हिच्याशी एकदा नीट बोलायला हवं. पुढं लोखंडी गार्ड, टपावर एलईडीचा बार, मागं दोन जादा पाटे, रुंद टायर, काचांना काळी फिल्म आणि वर म्युझिकल हॉर्न! अगं, यातलं एक तरी तुझ्या रोपांच्या कामाचं आहे का? ही यादी कुणा पोराच्या मोबाइलमधली वाटते मला, तुझी नाही.

सासवडचं अंजीर आणि सीताफळ घेऊन मी गुलटेकडीला जाते ते तुला माहीतच आहे. गाडी तुझ्या दाजींच्या नावावर आहे, पण तिचा कुठला नट ढिला आहे ते मला विचारायचं. गॅरेजवाले अजूनही म्हणतात, 'ताई, तुम्ही बसा, दादांना पाठवा.' तुलाही म्हणतील. बसू नकोस. गाडीपाशी उभी राहा, जुना पार्ट हातात मागून घे आणि का बदलला ते विचार. निम्मं शिक्षण तिथंच होतं.

आधी पाट्यांचं बोलू, कारण तुझ्या यादीतलं सगळ्यात वाईट काम ते आहे. जुनी पिकअप दिसली की गावातला जो तो सांगतो, 'पाटे वाढवा, मग कितीही भरा.' पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, हे खरं. पण ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच आणि ब्रेकही तेच राहतात. ताकद वाढल्याचा फक्त भास होतो. शिवाय बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याला एक बारीक दांडा जोडलेला असतो. मालाच्या भारानं हौदा किती खाली आला, ते त्या दांड्यावरून कळतं आणि मागच्या ब्रेकला किती दाब सोडायचा ते त्यावर ठरतं. पाटे ताठ केले की गाडी गच्च भरली तरी त्या व्हॉल्व्हच्या लेखी ती अर्धी रिकामीच असते. मागचे ब्रेक कमी धरतात, सगळा ताण पुढच्यांवर येतो. उरुळी कांचनहून शिंदवणे घाट चढून आमच्याकडे येशील, पण परत जाताना तो उतरायचाही असतो ना?

मालाचं नुकसान होतं ते वेगळंच. ताठ पाट्यांची गाडी अर्ध्या भारावर उसळत राहते. अंजीर तर अशा गाडीतून मार्केटला पोचेपर्यंत पिचून जातं. रोपांचं नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट. धक्क्यांनी पिशवीतली माती सुटते, बारीक मुळं तुटतात, उतरवताना रोप हिरवंगार असतं आणि गिऱ्हाइकाच्या शेतात चार दिवसांनी मान टाकतं. मग नाव खराब होतं ते नर्सरीचं. तेव्हा आहेत तेच पाटे बघून घे. एखादा तडकलाय का, बुश खाल्लेत का, मधला बोल्ट आणि यू-बोल्ट घट्ट आहेत का. खराब असेल ते बदल, पण जितके कंपनीनं दिले तितकेच ठेव.

मग भरायचं किती? आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा कर. उरेल त्यात तू, तुझा गडी आणि माल, सगळं आलं. आता पाणी दिलेली मोठी पिशवी दोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे आठशे पिशव्या झाल्या की दीड टन ओलांडला. रोपं हलकी दिसतात, पण ओली माती हलकी नसते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

म्हणूनच हौद्यात जाड चेकर्ड प्लेट टाकायच्या आधी वही-पेन घे. तीन मिलिमीटर जाडीची प्लेट चौरस मीटरला चोवीस-पंचवीस किलो भरते. तुझा हौदा साधारण साडेचार चौरस मीटरचा. म्हणजे शंभरावर किलो लोखंड तू रोज फुकट फिरवणार, आणि तेवढी रोपं कमी नेणार. त्यापेक्षा बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय बसव, वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. कडांना आणि कापलेल्या बाजूंना रंगाचे दोन हात दे, वर रबरी मॅट टाक. प्लाय खाली चिकटवून टाकू नकोस. काढता आला पाहिजे, कारण खालचा पत्रा तुला दरवर्षी बघायचा आहे. तुझ्या मालातून पाणी ठिबकणार, शिवाय खताचा अंश त्यात असतोच. साध्या भाजीच्या गाडीपेक्षा तुझा हौदा लवकर गंजणार. हौद्याच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती मातीनं बुजतात. तार घालून मोकळी करत जा. प्लाय टाकतानाही त्या भोकांवर प्लायला भोकं पाड.

गंज काढायचं काम मात्र स्वतः कर, यात मजा आहे. आधी लोहचुंबक घेऊन गाडीभर फिर. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्यावर लांबी भरलेली आहे, म्हणजे खाली ठोक बसलेला किंवा पत्रा खाल्लेला. विकणारा हे सांगत नाही, चुंबक सांगतं. गंजावर नुसता रंग मारला तर आत गंज चालूच राहतो, म्हणून वायर ब्रशनं आणि जाड्या पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घास, थिनरच्या फडक्यानं पुसून घे आणि त्याच दिवशी प्रायमर मार. उद्यावर टाकलंस तर रात्रीच्या दवानं पुन्हा तांबूस होईल. प्रायमर पुरता वाळला की मग रंगाचे दोन हात. पावसाळ्यात या कामाला हातच घालू नकोस. पत्रा आरपार गेला असेल तर ठिगळ फॅब्रिकेशनवाल्याकडून लावून घे. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांग, नव्या इंजिनांचा ईसीयू असेल तर त्याचाही सॉकेट. आणि एक कडक सूचना: चेसीवर वेल्डिंग नाही, चेसीला नवं भोक नाही. ते लोखंड तापवलं की त्याची ताकद जाते आणि चीर तिथूनच सुरू होते. काही अडकवायचंच असेल तर जुन्या भोकांत बोल्ट टाक नाहीतर क्लॅम्प मार.

आता तुझ्या खऱ्या गरजेचं. तुला हवा आहे रोपांचा मांडव. रॅकचे भोकांचे अँगल मिळतात ना, त्यांचा दोन मजली सांगाडा कर, नटबोल्टवर, वेल्डिंग न करता. आकार हौद्याच्या आतला, फाळक्याच्या बाहेर एक इंचही नाही. जड पिशव्या खाली, आणि त्यासुद्धा केबिनच्या बाजूला; वरच्या मजल्यावर फक्त ट्रेमधली हलकी रोपं. वर भार गेला की वळणावर गाडी कलते, मग चालवणारी कितीही तयारीची असो. सांगाड्यावर पन्नास टक्क्यांची शेडनेट ताणून बांध, फडफडली तर तीच पानं फाडेल. ताडपत्री रोपांवर उन्हात टाकू नकोस, आत भट्टी होते. बांधायला दोरखंडापेक्षा रॅचेटचे पट्टे घे, तुझ्या एकटीच्या हातानं आवळता येतात.

आणि पायरी! ही कुणाच्याच यादीत नसते, कारण याद्या करणारे सगळे उडी मारून हौद्यात चढतात. आपण साडी किंवा ड्रेस सांभाळत, हातात ट्रे घेऊन चढतो. फाळक्याच्या खाली घडीची पायरी आणि कोपऱ्यात धरायला एक भक्कम मूठ बसवून घे. चालवताना पायरी आत गेली पाहिजे. केबिनमध्येही सीट आपल्या उंचीची करून घे. क्लच पूर्ण दाबताना कंबर सीटवरून सुटत असेल तर पाठीमागं घट्ट फोमची गादी हवी, मऊ उशी नको. सीटखालचे सरकायचे रूळ जुन्या गाडीत बहुतेक गंजून अडकलेले असतात, ते साफ करून ग्रीस लाव. यावर शंभर-दोनशे रुपये जातात आणि पाठ वाचते.

तू पहाटे माल भरतेस, तेव्हा हौद्यात दिवा हवा, हे कबूल. दोन छोटे एलईडी पुरे. वायर बॅटरीवरून घे, पण बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज पाहिजेच, पाच अँपिअरचा. फ्यूज लांब लावला तर त्याच्या अलीकडे वायर घासून शॉर्ट झाली की तो उडतच नाही, गाडी पेटते. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट, बाकी वायर प्लास्टिकच्या नळीतून, सायलेन्सरपासून लांब. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोडणी पाणी पिते. सोल्डर करून वर स्लीव्ह चढव.

हेडलाइट मंद वाटतात म्हणून शंभर वॅटचे बल्ब घालायचा मोह होईल. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. बारा व्होल्टवर साठ वॅट म्हणजे पाच अँपिअर. शंभर वॅट म्हणजे आठाच्या वर. जुनी वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी केलेलेच नाहीत, ते वितळतात. समोरच्याचे डोळे दिपतात ते निराळंच. उजेड कमी असण्याचं खरं कारण बहुतेक वेळा पिवळी पडलेली काच किंवा गंजलेलं अर्थिंग असतं. ते घासून साफ कर. तरी कमी वाटलं तर रिले बसवून करंट थेट बॅटरीवरून दे, जुन्याच बल्बनं रस्ता उजळेल. टपावरचा बार विसर.

उरलेली यादी मी झटपट खोडते. गार्ड नको: केंद्रीय परिवहन मंत्रालयानं २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलंय, आणि धडकेत समोरच्याचे पाय जातात. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंद केली. म्युझिकल हॉर्न नियमात बसत नाही. रुंद-उंच टायरांनी स्पीडोमीटर चुकीचं सांगतं आणि ब्रेकवर भार येतो. त्यापेक्षा आहेत त्या टायरांवरचा चार आकडी छाप वाच. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी दिसते म्हणून जुनाट रबरावर भरवसा ठेवू नकोस. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी परावर्तक पट्टी चांगल्या प्रतीची लाव, यात मात्र कंजुषी नको.

हे मी नुसतं भीतीनं सांगत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका खटल्यात स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच म्हणतं. बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीलाही आयतं कारण मिळतं. आणि आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग असतं, तेव्हा गाडी तपासणीला उभी राहणारच आहे. म्हणून माझा हट्ट, की जे करशील ते बोल्टवरचं असावं, पान्यानं सुटावं. रंग बदलायचा असेल तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घे. मागं नर्सरीचं नाव हौसेनं लिही. 'हॉर्न ओके प्लीज' तेवढं लिहू नकोस, त्याला आपल्या राज्यात २०१५ पासून मनाई आहे.

ब्रेक आणि स्टिअरिंग स्वतः खोलू नकोस, चांगल्या मिस्त्रीकडूनच. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, कुणीही सांगितलं तरी, जायचं नाही. स्टँड लावायचे, चाकांना दगड द्यायचे, मग.

लायसन्सची काळजी करत होतीस, ती सोड. तुझ्या कारच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय.

आता पहिलं काम. गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे ना? प्रायमरचा डबा आणायच्या आधी फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घे, कर्ज होतं तर बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ आणि पत्र माग, जुने चलान त्याच्याकडून भरून घे आणि विमाही तुझ्या नावावर करून घे, त्याला चौदाच दिवसांची मुदत असते. हे झालं की फोन कर. अँगल कापायला मी येते.