आपल्या कळपाची स्थिती

नीतिसूत्रे २७:२३ मध्ये आपल्या कळपाची स्थिती जाणून घ्यायला सांगितले आहे. मूळ इब्रीत तिथे 'जाणणे' हे क्रियापद लागोपाठ दोनदा येते. हे मी शास्त्राच्या वर्गात शिकलो. समजले मात्र जिंतूर तालुक्यातल्या आंध बांधवांच्या वस्तीवर.

त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी शेळ्यांसाठी आंत्रविषाराची लस आणली. जास्त थंड तेवढी चांगली, असे समजून ती रात्रभर बर्फाच्या खणात ठेवली. ती गोठली. सकाळी वितळल्यावर कोणाला काही न सांगता तीच टोचायला दिली. पहिल्या पावसाचे कोवळे गवत उगवले आणि एका मावशीच्या पाचपैकी तीन शेळ्या गेल्या. संध्याकाळी धडधाकट, सकाळी मेलेल्या.

पुढे परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांनी मला ही लस कशी बनते ते समजावले. या रोगाचा जीवाणू निरोगी शेळीच्या आतड्यातही असू शकतो. कोवळा चारा किंवा धान्य एकदम जास्त झाले की तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. लस करताना तेच बंद टाकीत घडवून आणतात. त्याला हवा चालत नाही. मांसाच्या अर्कावर, अंगाच्या उबेत तो वाढतो, आपली आंबील आंबते तसाच. मग फॉर्मालिनने जीवाणू मारतात, विषही निरुपद्रवी होते, पण शेळीच्या शरीराला त्याची ओळख पटते. शेवटी तुरटीसारखा पदार्थ मिसळतात. त्यामुळे लसीचा परिणाम टिकतो. गोठले की त्याचेच कण गुठळतात आणि लस निकामी होते.

गाई-म्हशींच्या घटसर्पाच्या जीवाणूला उलट हवा हवी. टाकीत हवा सोडत घुसळले की तो कित्येक पट दाट वाढतो, म्हणून एक टाकी पुष्कळ जनावरांना पुरते. पुण्यात औंधला शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था या दोन्ही लसी बनवते.

म्हणजे लस स्वस्तच आहे. महाग आहे ती वस्तीपर्यंतची वाट. २ ते ८ अंशांत न्यायची, उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची. म्हणून दोन-दोन शेळ्या असलेली सगळी घरे एकाच सकाळी गोळा करावी लागतात, आणि पहिल्यांदा टोचलेल्या शेळ्यांसाठी १४ दिवसांनी पुन्हा. आपल्या देणग्यांतून यंदा शीतपेटी आणि तापमापक घेतला तो यासाठीच.

मे महिन्यात मावशी उरलेल्या दोन शेळ्या घेऊन रांगेत पहिल्या उभ्या होत्या. "भाऊ, यंदा बर्फात नाही ना गोठवली?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारले. मी पेटी उघडून त्यांना तापमापक दाखवला.