आधी माप, मग औषध

पुढच्या महिन्यापासून बंगल्याच्या चाव्या तुझ्याकडे. नारळ-सुपारीचं तुला सांगायला नको, त्यात तू वाढलास. पण मागच्या अंगणातली निळी टाकी तुझ्या ओळखीची नाही. शेठ तिला पूल म्हणतात. तुझी आजी शेवटपर्यंत विचारायची, "पूल आहे तर खाली ओढा कुठाय?" २०२० मध्ये मांडव्याला रो-रो लागली, मुंबईच्या गाड्या बोटीतून थेट इकडे उतरायला लागल्या आणि पाहुणे खोल्यांच्या आधी टाकी बघायला लागले. मी हे काम चुकतमाकत शिकलो. तू निदान माझ्या चुका तरी परत करू नको.

माप

टाकीत पाणी किती, ते आधी पाठ कर. लांबी ८ मीटर, रुंदी ४. उथळ टोक १ मीटर, खोल टोक दीड, म्हणजे सरासरी सव्वा. तिन्हींचा गुणाकार ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. पंपघराच्या दारामागे हा आकडा ऑइलपेंटने लिहिलाय. दुकानदाराने विचारलं तर "एक डबा द्या" म्हणू नको, लिटर सांग.

पाणी दिसायला स्वच्छ आहे यावर कधी जाऊ नको. किट काढ. नमुना काठावरचा नको. हात कोपरापर्यंत बुडवून, पाणी जिथून टाकीत परत येतं त्या तोंडापासून लांबचा घे. क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.६ यांत बसलं की निर्धास्त. पीएच ८ वर गेला तर टाकलेल्या क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्सा जंतू मारायच्या कामाचा उरतो. म्हणून आधी पीएच जागेवर आण, मग क्लोरीनकडे बघ.

पाहुणे म्हणतील, "काका, क्लोरीन फार झालंय, वास मारतोय." मान डोलव आणि किट काढ. घाम, लघवी, अंगाला चोपडलेली तेलं यांना चिकटून वापरलं गेलेलं क्लोरीन तो उग्र वास मारतं, डोळे चुरचुरवतं. बहुतेक वेळा मोकळं क्लोरीन कमीच पडलेलं असतं. पिवळ्या रंगाचं किट मोकळं आणि अडकलेलं दोन्ही मिळून दाखवतं, गुलाबी होणारी डीपीडीची गोळी फक्त मोकळं दाखवते. दोन्ही ठेव. दोन आकड्यांत फरक पडायला लागला की त्या संध्याकाळी चढा डोस दे आणि सकाळी मोजल्याशिवाय कुणाला आत सोडू नको.

औषध

क्लोरीन सूर्य मावळल्यावर टाक. दुपारचं ऊन ते खाऊन टाकतं. आपण वापरतो ती टीसीसीए ९० पावडर. आपल्या टाकीत क्लोरीन १ ने वाढवायला ती साधारण ४५ ग्रॅम लागते, म्हणून पंपघरात तराजू आहे, मूठ चालत नाही. या पावडरीसोबत सायन्युरिक आम्ल येतं. तेच क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण ते उडत नाही, साचत जातं. ३० ते ५० पर्यंत ते कामाचं. शंभराच्या वर गेलं की क्लोरीन सुस्तावतं आणि मग थोडं पाणी काढून नवं भरण्यावाचून गत्यंतर नसतं. ती वेळ येऊ नये म्हणून अधूनमधून पावडरीऐवजी पातळ क्लोरीन वापर.

बादलीत आधी पाणी, मग औषध. उलटं कधीच नाही. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका मगात आली तर भडका उडतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू. लाल मग ॲसिडचा, निळा क्लोरीनचा, दोन्ही वेगळ्या भिंतींना. पंपघराचं दार उघडं ठेवूनच डबा उघड.

कुणीतरी येऊन सांगेल, "मोरचूद टाक, शेवाळ धरायचंच नाही." शेवाळ थांबेलही, पण जास्त झालं तर टाइल्सवर निळे-हिरवे डाग पडतात आणि सोनेरी केसांचा पाहुणा हिरवा होऊन बाहेर येतो. शेवाळाला ब्रश हेच पहिलं औषध.

रोजचं आणि आठवड्याचं

सकाळी चहाच्या आधी जाळीने पानं काढ. स्किमरची टोपली आणि पंपापुढची केसांची टोपली रिकामी कर. पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर हवं. त्याखाली गेलं तर पंप हवा ओढतो. पंप दिवसाला ६ ते ८ तास चालू दे, बंगला रिकामा असला तरी. थांबलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

सोमवार हा टाकीचा दिवस. पाहुणे गेलेले असतात. पाण्याच्या रेषेवरचा तेलकट पट्टा ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन पूस. कोपरे, शिडीच्या मागची भिंत, पायऱ्यांच्या सांदी ब्रशने घास, शेवाळ तिथूनच धरतं. मग तळ व्हॅक्यूम कर, सावकाश. घाई केलीस तर गाळ उठतो आणि परत तळाशी बसतो.

मे महिन्यात पाणी रोज उतरतं. गळती की ऊन, ते बादली सांगते. बादली भरून पायरीवर ठेव, आतली आणि बाहेरची पातळी सारखी कर, खुणा कर. पंप बंद ठेवून दुसऱ्या दिवशी बघ. टाकी बादलीपेक्षा जास्त उतरली तर प्लंबरला बोलाव.

फिल्टर

वाळू नुकतीच धुतली की दाबाचा काटा जिथे उभा राहतो तिथे मी लाल खूण केली आहे. त्यापेक्षा काटा ८-१० पौंड चढला की बॅकवॉश. आधी पंप बंद, मगच वरचं हँडल फिरव. चालू पंपावर फिरवलंस तर आतलं गॅस्केट फाटतं. काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत, दोन-तीन मिनिटं चालव. मग अर्धा मिनिट रिन्स कर, नाहीतर उरलेली घाण परत टाकीत येते. ते पाणी शोषखड्ड्यात सोड, सुपारीच्या आळ्यात नको. आणि उगाच रोज धुऊ नको. थोडी मळलेली वाळू बारीक कचरा जास्त चांगला धरते.

पावसाळा

मृगाच्या आधी टाकीच्या वरच्या अंगाला पोत्यांचा बांध घाल. तांबडी माती एकदा आत आली की फिल्टर तुंबतो. तरी पाणी गढूळ झालंच तर संध्याकाळी तुरटी फिरव, पंप बंद कर, रात्रभर गाळ बसू दे. सकाळी व्हॅक्यूम करून तो थेट बाहेर टाक, फिल्टरमधून नेऊ नको. तुरटीने पीएच उतरतो, म्हणून परत मोज. मोठ्या सरीने औषध पातळ होतं, तेव्हाही मोज.

आता माझी चूक ऐक. एका जुलैत टाकी हिरवी झाली. मला वाटलं, रिकामी करून घासू, एका दिवसाचं काम. रिकामी केली. दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या सकाळी तळाच्या टाइल्स पापडासारख्या फुगल्या होत्या. जमिनीत पाणी चढलं होतं आणि आतून दाबून धरायला वजन उरलं नव्हतं. गवंड्याचा खर्च शेठनी दिला, मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून माझा नियम: आपली विहीर डोकावून बघायची. विहिरीचं पाणी वर आलं असेल तर टाकी रिकामी करायची नाही. हिरवी असली तरी भरलेली राहू दे.

पोरं

बुडणारं पोर ओरडत नाही. हे शेठना माहीत आहे, पाहुण्यांना नसतं. फाटकाची कडी आपोआप पडते ना, रोज बघ. लांब काठी आणि ट्यूब खुंटीवरच हवी. वीज चमकायला लागली की सगळे बाहेर. तळाच्या जाळीचं झाकण सैल असेल तर टाकी बंद.

आणि रोज काठावर उभं राहून खोल टोकाची ती जाळी बघ. तिची भोकं स्पष्ट दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर आत गेलेलं माणूसही दिसणार नाही. मग शनिवार असो, पाहुण्यांनी पैसे भरलेले असोत, शेठ फोनवर काहीही म्हणोत, फाटकाला कुलूप घाल. मी कधी विचारून कुलूप घातलं नाही. आधी घातलं, मग कळवलं.