मातीच्या धुळीविषयी

चि. सौ. वासंतीस मामाचे अनेक आशीर्वाद.

निवृत्तीनंतर पुन्हा मातीकामाकडे वळण्यात गैर काही नाही. गैर आहे ते बंद खोलीत सुकलेली माती झाडूने झाडणे, आणि वासंती नेमके तेच करते, असे धाकट्या मामीकडून कानी आले आहे. मातीत मुक्त सिलिका, म्हणजे वाळूत व गारगोटीत असते तेच द्रव्य, मिसळलेले असते. तिचे अतिसूक्ष्म कण डोळ्यांना न दिसता कितीतरी वेळ हवेत तरंगतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन तेथे कायमचे व्रण करतात. या विकारास सिलिकोसिस म्हणतात, आणि एकदा झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. ज्या घराने खडीच्या यंत्रावर राबलेल्या आबांचा खोकला रात्ररात्र ऐकला, त्या घरातील मुलीस हे सांगावे लागावे, याचा मामास राग आहे. छंदापुरत्या कामात एवढा धोका नसतो असे ती म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु त्याच खोलीत नातू रांगतो.

अंगणातला भारद्वाज, तळ्यातले कासव मातीत उतरवण्याची तिची ओढ मात्र उत्तम आहे. भरीव कासव भट्टीत फुटले, त्याचा दोष बहुधा आत कोंडलेल्या हवेस दिला गेला असेल. वस्तुतः जाड अंगात उरलेली ओल 100 अंशांच्या पुढे वाफ होऊन माती फोडते. बंगालमधील पांचमुड्याचे कुंभार घोड्याचे पाय, मान व धड चाकावर वेगवेगळे, पोकळ घडवून मग जोडतात, ते पाहण्याजोगे आहे. कासवाच्या पाठीवरचे खवले वाळल्यावर सँडपेपरने घासू नयेत, कारण सर्वाधिक धूळ तेथेच उडते. माती ओलसर असतानाच ते ओल्या स्पंजाने साफ करावेत, आणि फरशी झाडू नये, पुसावी.

विशीत तिचे चाक अडगळीत गेले, तेव्हा घरात शब्द टाकू शकणारा मामा गप्प राहिला. त्याने स्वतःची चित्रकलाही अशीच वडिलांच्या एका वाक्यावर सोडलेली होती, म्हणून कदाचित. पण मातीकामास वयाची अट नसते: सेवाग्रामला कला शिकवणारे देवीप्रसाद 1962 साली युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठी लंडनला गेले, पुढे भारतात परतले आणि उतारवयातही दिल्लीत भांडी घडवीत राहिले. तेव्हा साठीत चाकावर बसणाऱ्या वासंतीने उशीर झाला असे मनात आणू नये. खिडकी उघडी ठेवावी, धुळीचे काम असेल तेव्हा चांगला मास्क बांधावा, नातवास त्या खोलीत येऊ देऊ नये. आणि ते फुटलेले कासव टाकून दिले नसेल, तर तुकडे जोडून मामाकडे पाठवावे.