दीड फुटावर थांबलेला मी
आजचं वचन : लूक ६:४६-४९

गेल्या उन्हाळ्यात आम्ही वसईच्या पॅरिशमधले काही तरुण जव्हारजवळच्या एका पाड्यावर घर बांधायला गेलो होतो. मला विटा रचायच्या होत्या, पण वाट्याला आली पहार. दोन दिवस नुसता पाया खणायचा. फोटो टाकण्यासारखं काहीच नाही! दीड फुटावर मी म्हटलं, "बस झालं की."

ज्यांचं घर, त्या मावशींनी पहार घेतली. "मागची भिंत पावसात खालूनच गेली, दादा," एवढंच म्हणाल्या आणि कातळ लागेपर्यंत खणत राहिल्या. मला लाज वाटली.

खडकावरच्या घराचा दाखला मत्तयही सांगतो. पण त्या माणसाने खोल खणलं, हे फक्त लूक सांगतो. खडक आयता मिळत नाही, तिथवर खणत जावं लागतं. येशूचं ऐकणं मला जमतं, रोज सकाळी मोबाइलवर वचन वाचतोच. त्याप्रमाणे वागायची वेळ आली की मी लवकर थांबतो, कारण ते काम कुणाला दिसत नाही.

आज स्वतःला विचारूया : मी कुठे दीड फुटावर थांबलोय?

प्रार्थना : प्रभू येशू, न दिसणारं काम पूर्ण करायला मला बळ दे. आमेन.