तार बारीक झाली की

जंतराच्या भोकांतून सोन्याची तार ओढताना तुझे पणजोबा सांगायचे, तारेचा आकार भोक ठरवतं. माझी हयात मुंबईच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापाशी गेली. आता तूही चांदीप गावाहून विरारला येऊन लोकल धरणार, म्हणून सांगतो पोरी: नॅनो तारेचा आकार तिची कातडी ठरवते.

आधी जाडी विचार. ०.१ मिलिमीटरच्या तारेत पृष्ठभागावरचे अणू हिशेबातच येत नाहीत. सोन्याची तार २ नॅनोमीटरची झाली की जवळजवळ निम्मे अणू बाहेर. त्यांना एका बाजूला शेजारी नसतात, म्हणून ते एकमेकांकडे ओढ घेतात आणि आतल्या अणूंना लांबीच्या दिशेने दाबतात. किती, ते कागदावर काढ. या ओढीला पृष्ठप्रतिबल म्हणतात; त्याची चौपट कर, व्यासाने भाग. मीटरला दीड न्यूटन धरलंस तर ३ गिगापास्कल येतात, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तीस हजार पट. आणि बाहेरून कुणी बोटही लावलेलं नसतं.

स्फटिकाची दिशा मात्र वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. डियाओ, गॉल आणि डन या संशोधकांनी २००३ मध्ये संगणकावर दाखवलं, की स्फटिकाच्या घनाकृती एककाच्या कडेच्या दिशेने वाढलेल्या सोन्याच्या तारेचा छेद ४ चौरस नॅनोमीटरच्या खाली गेला, की ती आपणहून आखडते आणि आतली अणूंची मांडणीच बदलते. दुसऱ्या दिशेच्या तारेला हाच आकडा लावायचा नाही.

पृष्ठऊर्जा, म्हणजे नवा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा, आणि पृष्ठप्रतिबल एकच समजू नकोस. द्रवात दोन्ही सारखी, घन पदार्थात नाहीत. शटलवर्थने १९५० मध्येच हे मांडलंय, तरी शिकलेली माणसं अजून घोळ घालतात.

तापवताना वितळणबिंदूच्या भरवशावर राहू नकोस. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते खरी, पण तिच्या नॅनो तारा दोन-तीनशे अंशांतच तुटून मण्यांची माळ होतात. इथे खेळ पृष्ठऊर्जेचा: अणू पृष्ठभागावरून सरकतात, तारेला गळे पडतात.

चांदीच्या तारा उघड्या ठेवू नकोस, हवेतल्या गंधकाने काळ्या पडतात. पैंजण घासून लख्ख होतात, यांना घासायला उरतंच काय? बनवताना चढलेला पॉलिमरचा थरही पृष्ठप्रतिबल बदलतो. तार धुतली होती की नाही, हे मापाच्या शेजारीच लिही. आणि सूक्ष्मदर्शकाचा इलेक्ट्रॉनांचा झोत एकाच तारेवर रेंगाळू देऊ नकोस, त्यानेच तार बिघडते. आधी कमी झोतात फोटो काढ, मग जवळ जा.