पाहिलेलें आणि मानलेलें : शाळेंतील प्रयोगाविषयीं एक धडा

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील शाळेंत शास्त्र शिकवीत असतां आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगूनच या धड्यास आरंभ करणें आम्हांस बरें वाटतें. कारण जी गोष्ट शिक्षकबंधुभगिनींच्या व आईबापांच्या ध्यानांत आणून द्यावी असें आम्ही इच्छितों, ती आम्हांस त्या चुकीनेंच प्रथम शिकविली.

वर्गास प्रश्न दिला होता कीं, बीं रुजण्यास उजेड लागतो काय? मुलांनीं दोन वाट्यांत ओलें फडकें घातलें व प्रत्येक वाटींत मुगाचे २० दाणे ठेविले. एक वाटी खिडकींत उन्हांत ठेविली व दुसरी कपाटांत. तिसऱ्या दिवशीं मोजून पाहिलें, तों कपाटांतील १७ दाण्यांस मोड आले होते आणि खिडकींतील अवघ्या ६ दाण्यांस. आतां पुस्तकांत असें छापलेलें होतें कीं, बीं रुजण्यास पाणी, हवा व ऊब यांची गरज असते, उजेडाची नसते. तें वाचून बहुतेक मुलें "दोन्ही वाट्यांत सारखेच मोड आले" असें लिहून मोकळीं झालीं. एका मुलानें मात्र १७ व ६ हे आंकडे जसेच्या तसे लिहिले, आणि त्यांखालीं लिहिलें, "उजेडानें मोड येण्यास अडथळा होतो." आम्हीं त्याच्या पानावर तांबडी फुली मारली व बाकीच्यांस पुरे गुण दिले.

सायंकाळीं वाट्या धुण्यास घेतल्या, तेव्हां खिडकींतील फडकें हातास अगदीं कोरडें लागलें. तेव्हां आमचे डोळे उघडले. त्या मुलाचा निष्कर्ष चुकला होता हें खरें. त्याच्या दाण्यांस उजेडानें नव्हे, तर कोरडेपणानें अडविलें असावें. परंतु त्यानें जें पाहिलें तेंच लिहिलें होतें. बाकीच्यांचा निष्कर्ष पुस्तकाशीं जुळत होता, पण त्यांनीं लिहिलेलें निरीक्षण खोटें होतें. खोट्यास आम्हीं गुण दिले होते व खऱ्यास फुली. दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर ती फुली आम्हीं आपल्या हातानें खोडली, आणि तो प्रयोग आरंभापासून पुन्हां मांडला. तो कसा मांडला, हेंच पुढें क्रमानें सांगितलें आहे.

(१) प्रश्न असा असावा कीं, त्याचें उत्तर मोजून देतां येईल.

"बियांस उजेड चांगला कीं अंधार?" हा प्रश्न प्रयोगाच्या कामाचा नाहीं, कारण 'चांगला' म्हणजे काय, हें कोणींच ठरविलेलें नाहीं. "ओल्या फडक्यांत ठेविलेल्या मुगाच्या २० दाण्यांपैकीं ४८ तासांत उजेडांत किती दाण्यांस मोड येतात व अंधारांत किती दाण्यांस?" हा प्रश्न कामाचा आहे. काय बदलावयाचें, काय मोजावयाचें व केव्हां मोजावयाचें, या तिन्ही गोष्टी त्यांत आल्या आहेत. मोड कशास म्हणावें हेंही आधींच ठरवावें. साल फोडून पांढरें टोंक बाहेर दिसलें म्हणजे मोड आला, असें आम्हीं ठरविलें. असें न केल्यास एक मुलगा नुसता फुगलेला दाणाही मोजील, दुसरा लांब कोंब फुटलेलाच मोजील, आणि मग दोघांचें भांडण मुगावरून नव्हे तर शब्दावरून होईल.

काय होईल असें आपणांस वाटतें, व तसें कां वाटतें, हें प्रत्येक मुलानें वाट्या मांडण्यापूर्वींच वहींत लिहावें. परिणाम पाहून मग लिहिलेला अंदाज हा अंदाजच नव्हे. अंदाज चुकला तर त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं, हें मात्र मुलांस वारंवार सांगावें. चुकलेला अंदाज खोडून त्याजागीं दुसरा लिहिणें, ही लाजेची गोष्ट होय.

(२) एकच गोष्ट बदलावी. बाकीच्या सर्व सारख्या ठेवाव्या.

आमच्या पहिल्या प्रयोगांत खिडकींतील वाटीस उजेड मिळाला, अधिक ऊन लागलें, आणि तिचें पाणीही सुकलें. तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग मोड न येण्याचा दोष कोणत्या गोष्टीस द्यावा? शेतकऱ्यास हें सहज समजेल. ज्या शेतांत नवें बियाणें पेरलें, त्याच शेतास यंदा प्रथमच शेणखत दिलें व पाटाचें पाणीही सोडलें. पीक दुप्पट आलें तर त्याचें श्रेय बियाण्यास, खतास, कीं पाण्यास?

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्हीं दोन सारखीं पुठ्ठ्याचीं खोकीं घेतलीं. एक तसेंच ठेविलें. दुसऱ्याची एक बाजू कापून तेथें पारदर्शक कागद चिकटविला. दोहोंच्या तळाशीं हवेसाठीं सारखींच लहान भोंकें पाडिलीं, व उजेड आंत शिरूं नये म्हणून अंधाराच्या खोक्यावर काळ्या कापडाचा सैल पदर सोडला. दोन्ही खोकीं एकाच बांकावर, ऊन येत नाहीं परंतु उजेड भरपूर असतो अशा कोपऱ्यांत ठेविलीं. सकाळीं व सायंकाळीं दोन्ही वाट्यांत त्याच चमच्यानें सारखेंच पाणी घातलें. आतां दोन वाट्यांत उजेडावांचून दुसरा मोठा भेद राहिला नाहीं. ज्या वाटीशीं ताडून पाहावयाचें त्या वाटीस आम्ही 'तुलनेची वाटी' म्हणत असूं. तिच्यावांचून प्रयोग म्हणजे साक्षीदारावांचून खटला होय.

ही सावधगिरी जुन्या शास्त्रज्ञांच्या अंगीं कशी होती, याचें एक उत्तम उदाहरण आहे. सतराव्या शतकांत विद्वान लोकही असें मानीत कीं, सडलेल्या मांसांतून अळ्या आपोआप उत्पन्न होतात. इटलींतील फ्रान्चेस्को रेडी या वैद्यानें याचा पडताळा घेतला, व आपले प्रयोग १६६८ सालीं प्रसिद्ध केले. त्यानें मेलेला साप, मासे व वासराचें मांस रुंद तोंडाच्या बरण्यांत घातलें. कांहीं बरण्यांचीं तोंडें बंद केलीं व तशाच दुसऱ्या बरण्या उघड्या ठेविल्या. उघड्या बरण्यांत माशा जात-येत, त्यांतील मांसांत अळ्या पडल्या. बंद बरण्यांतील मांस सडलें, पण त्यांत अळी पडली नाहीं.

दुसरा एखादा येथेंच थांबून जय झाला असें म्हणाला असता. परंतु बंद बरणींत माशीस जसा मज्जाव होता, तसाच ताज्या हवेसही होता; तेव्हां अळ्या माशीवांचून अडल्या कीं हवेवांचून, हें अजून ठरलें नव्हतें. म्हणून रेडीनें बरण्यांच्या तोंडांवर अगदीं तलम जाळीदार कापड लाविलें. आतां हवा आंत जाई, माशी जाऊं शकत नसे. तरीही मांसांत अळ्या पडल्या नाहींत. जो आक्षेप दुसऱ्यानें घ्यावा तो आपणच घ्यावा, व त्याचें उत्तर प्रयोगानें द्यावें, ही रीत मुलांस शिकविण्याजोगी आहे.

(३) पुष्कळ दाणे घ्यावे, निवड करूं नये, व प्रयोग पुन्हां करावा.

एकेका वाटींत एकेकच दाणा ठेविला, आणि त्यांतील एक मुळांतच किडका निघाला, तर सगळा निष्कर्ष किडका होईल. म्हणून दाणे २० तरी असावे. ते वांटतांना एका मुलीच्या असें लक्षांत आलें कीं, तिचा भाऊ टपोरे दाणे वेंचून आपल्या आवडत्या वाटींत टाकीत आहे. त्यास फसवावयाचें नव्हतें. हात आपोआप तसा वळत होता. मग आम्हीं सर्व दाणे एकत्र कालविले, व डोळे मिटून वांटले. मोठमोठ्या प्रयोगांतही हाच नियम पाळावा लागतो. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्रांत काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांनीं प्रयोगांच्या आंखणीवर १९३५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या वाफ्यास कोणतें खत द्यावें हें माणसाच्या मर्जीवर न सोडतां सोडतीनें ठरवावें, असा त्यांचा आग्रह होता.

आमच्या दुसऱ्या प्रयोगांत उजेडांतील १८ दाण्यांस व अंधारांतील १७ दाण्यांस मोड आले. लागलींच कांहीं मुलें म्हणालीं, "उजेड जिंकला!" आम्हीं त्यांस उत्तर दिलें नाहीं. दोन नव्या वाट्या आणविल्या, आणि दोन्ही उजेडांतच, शेजारीं शेजारीं ठेविल्या. त्यांत १९ व १६ मोड आले. म्हणजे कांहींही न बदलतां तीन दाण्यांचा फरक पडला! तेव्हां एका दाण्याच्या फरकास काय किंमत द्यावी, हें मुलांस न सांगतांच समजलें. सारख्या गोष्टींतही आपोआप किती फरक पडतो हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें लहानशा फरकावरून जयजयकार करूं नये.

(४) निष्कर्ष पुराव्याच्या मापाचा असावा.

आमच्या मतें प्रयोगांत सर्वांत कठीण भाग हाच आहे. वहीच्या पानावर उभी रेघ ओढून दोन रकाने करावे. डावीकडे "आम्हीं काय पाहिलें" व उजवीकडे "त्यावरून आम्ही काय मानतों." डाव्या रकान्यांत आंकडे व डोळ्यांस दिसलेल्या गोष्टी याच याव्या, 'कारण' हा शब्दही तेथें येऊं नये. डावा रकाना एकदां लिहिला म्हणजे पुस्तकासाठीं, शिक्षकासाठीं अथवा गुणांसाठीं तो बदलावयाचा नाहीं. उजवा रकाना मात्र अधिक पुरावा मिळतांच खुशाल बदलावा. खाडाखोड त्या रकान्यास शोभते.

उजव्या रकान्यांत "बियांस उजेड लागत नाहीं हें सिद्ध झालें" असें आमच्या वर्गांतील बऱ्याच मुलांनीं लिहिलें होतें. आम्हीं विचारलें, "आपण कोणतें बीं पाहिलें?" "मूग." "किती वेळां पाहिलें?" "दोन वेळां, आणि पहिली खेप बिघडली." मग सर्वांनीं मिळून वाक्य केलें तें असें : "ओल व ऊब सारखी असतां, आम्हीं घेतलेल्या मुगाच्या दाण्यांस मोड येण्यास उजेडाची गरज दिसली नाहीं." वाक्य लांबलें खरें, परंतु त्यांतील एकही शब्द उसना नाहीं.

हा संकोच व्यर्थ नव्हे. तंबाखूच्या कित्येक जातींचें बारीक बीं उजेड मिळाल्यावांचून नीट रुजत नाहीं. लेट्यूस नांवाच्या पालेभाजीच्या एका जातीचें बीं अंधारांत फारच थोडें रुजतें. परंतु भिजलेल्या बियांवर थोडा वेळ तांबडा प्रकाश पाडल्यास त्यांतील बहुतेक बीं रुजतें, असें अमेरिकेंतील बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनीं १९५२ सालीं दाखविलें. मुगावरून साऱ्या वनस्पतींविषयीं बोलणारा येथें फसला असता. रेडीची गोष्टही अशीच. मांसांतील अळ्यांविषयीं त्याचा निष्कर्ष खरा ठरला. तथापि झाडांच्या पानांवर ज्या गांठी येतात, त्यांतील किडे झाडापासूनच उत्पन्न होतात असें तो मानीत असे, आणि तें मत पुढें चुकीचें ठरलें. एके ठिकाणीं मिळालेला पुरावा दुसऱ्या ठिकाणीं चालत नाहीं. तेथें नवा प्रयोग करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. त्याच वाट्या आम्हीं पांच-सहा दिवस ठेविल्या, तेव्हां अंधारांतील रोपें पिवळीं, लांब व लुळीं झालीं, आणि उजेडांतील हिरवीं व आंखूड राहिलीं. मोड येणें निराळें व रोप वाढणें निराळें, हें मुलांनीं डोळ्यांनीं पाहिलें. हा आमचा प्रश्न नव्हता, पण डाव्या रकान्यांत तेंही लिहिलें गेलें, आणि त्यांतून पुढील प्रयोगाचा प्रश्न मिळाला.

शिक्षकबंधुभगिनींनो, प्रयोगाची वही तपासतांना प्रथम उत्तर पाहूं नका. प्रश्न स्पष्ट आहे काय, एकच गोष्ट बदलली आहे काय, पाहिलेलें तेंच लिहिलें आहे काय, आणि निष्कर्ष त्याच्या बाहेर गेला नाहीं ना, एवढें पाहा. अपेक्षेप्रमाणें न झालेला परंतु प्रामाणिकपणें लिहिलेला प्रयोग पुऱ्या गुणांस पात्र आहे. आईबापांनींही हें जाणावें. जो मुलगा शाळेंत पाहिलेलें व मानलेलें निराळें ठेवण्यास शिकतो, तो घरीं, शेतांत व बाजारांतही तसें करील. "या पुडीनें माझी गाय बरी झाली" असें कोणी म्हणाला, तर तो उद्धटपणा न करितां विचारील, "तीच व्यथा असलेल्या ज्या गाईस पुडी दिली नाहीं, तिचें काय झालें?" या एका प्रश्नानें गरिबाचा पैसा, आणि कधीं कधीं जीवही, वांचतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. "अमावास्येस पेरलेली मेथी उगवत नाहीं" असें एकजण म्हणतो. याचा पडताळा पाहावयाचा असल्यास कोणती एकच गोष्ट बदलाल, व कोणत्या सारख्या ठेवाल?

२. एका मुलीनें एका वाफ्यास शेणखत घातलें व दुसऱ्यास घातलें नाहीं. पण दुसरा वाफा झाडाच्या सावलींत होता. तिच्या प्रयोगांत कोणता दोष राहिला? तो कसा काढाल?

३. आपल्या घरीं खरी मानली जाणारी एखादी गोष्ट घ्या. वहींत दोन रकाने करा, आणि त्या गोष्टीविषयीं आपण स्वतः काय पाहिलें आहे तें डावीकडे लिहा. डावा रकाना रिकामा राहिला, तर तो रिकामाच ठेवा.